खडा दोघांनाही सारखाच

पास्कोल सर स्क्वॉशच्या कोर्टात शिरण्याआधी दाराशी थांबून डाव्या पायातला बूट काढायचे. उजव्यातला ठेवायचे. मग एका पायात बूट आणि एका पायात पांढरा मोजा, असे लंगडत लंगडत कोर्टभर फिरायचे. आधी चारही कोपरे, मग मधली जागा, मग पुढच्या भिंतीपाशी जिथे खेळाडू पळत येऊन एकदम थांबतो ती जागा. मोज्याचा पाय पुढे टाकायचा, थोडा ढकलून बघायचा, मग बुटाचा पाय मागून ओढून आणायचा. चिखलात बगळा चालतो तसे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो. तोंड लपवून नाही, चांगला मोठ्याने हसलो. सर वळून म्हणाले, "हस, हस. फक्त दारातच उभा राहून हस. पुसलेल्या फळ्यांवर चपला आणू नकोस."

मी काळूराम, वसईजवळच्या कामण गावचा. शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीसुद्धा मास्तरांनी कंटाळून पास केली. पण कबड्डीत आमच्या पट्ट्यात माझ्या पकडीतून सुटलेला माणूस मला अजून दाखवायचाय कुणीतरी. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे ते त्याच खेळाचं. गुडघ्यात वाटी सरकते तीही त्याचीच. मी ती मिरवतो. वालीवला मी ज्या कारखान्यात होतो तो बंद पडला, आणि त्याच सुमाराला तिथल्या काही कारखानदारांनी मिळून एक क्लब काढला. नव्वद सालानंतरची गोष्ट. त्यात स्क्वॉशची दोन कोर्टं होती. कोर्टं झाडणं, भिंतींवरचे चेंडूचे काळे डाग पुसणं, दिवे लावणं, हे काम मला मिळालं. तिथेच सर भेटले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगतो. एक बंद खोली. खाली लाकडी फळ्यांचा फ्लोअर. त्यात दोन माणसं, दोघांच्या हातात रॅकेट, आणि लिंबाएवढा रबरी चेंडू. टेनिससारखं मध्ये जाळं नाही. दोघंही एकाच बाजूला, एकमेकांच्या अंगाला अंग घासत, समोरच्या भिंतीवर चेंडू मारतात. एकाचा हात फिरतो तेव्हा दुसऱ्याचं डोकं त्याच्या आसपासच असतं. मी म्हटलं, ही तर कबड्डीच झाली, हातात काठी दिलेली. सर म्हणाले, "म्हणूनच तर रेफरी लागतो."

सर वसईचे. चर्चच्या मागे त्यांची छोटी वाडी होती, केळी आणि थोडी फुलं. तरुणपणापासून मुंबईच्या एका मोठ्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे खेळाडूंबरोबर खेळायचं, त्यांना शिकवायचं आणि सामन्यात गुण पुकारायचे. पुढे परीक्षा देऊन ते रेफरी झाले. मोठमोठ्या व्यावसायिक खेळाडूंच्या सामन्यात खुर्चीवर बसले. निवृत्त झाल्यावर गावी आले आणि आमच्या क्लबाने त्यांना बोलावून घेतलं. वसईहून वालीवला सायकलवर यायचे. पँटीला खाली क्लिप लावलेली, खिशात पांढरा रुमाल, आणि कॅरियरला एक जुनी कातडी बॅग. तिच्यात शिट्टी नसायची. मी विचारलं, पंच आणि शिट्टी नाही? म्हणाले, "शिट्टी वाजेपर्यंत लागलेलं असतं, काळूराम. ह्या खेळात खेळाडूने स्वतःच थांबायचं असतं."

ते त्यांचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. समोरचा माणूस चेंडूच्या वाटेत आला, आणि मारलं तर त्याला लागेल असं वाटलं, तर हात थांबवायचा आणि रेफरीकडे बघून 'लेट, प्लीज' म्हणायचं. मग रेफरी ठरवणार. कधी तो डाव पुन्हा खेळायला लावणार, त्याला लेट म्हणतात. समोरचा अगदीच आडवा आला असेल तर थांबणाऱ्यालाच पॉइंट देणार, त्याला स्ट्रोक म्हणतात. म्हणजे न मारल्याबद्दल गुण! मला हे काही केल्या पटेना. मी म्हणायचो, "सर, आमच्यात जो पकडतो त्याला गुन. सोडनाऱ्याला गुन देनारा खेळ मी कुठे पायला नाय."

"आता पाहिलास ना?"

"पायला, पन पटला नाय."

"पटू नको देऊस. फक्त भिंत पूस."

आमचं असंच चालायचं.

चष्म्यावरून मात्र त्यांनी मला एकदा गप्प केलं. खेळताना घालायचा जाड, न फुटणाऱ्या काचेचा चष्मा असतो. मुलांना तो घालावाच लागे, मोठ्यांना सक्ती नव्हती. मोठे मेंबर तो घालायला लाजायचे. मी त्यांच्याच बाजूचा. लिंबाएवढा मऊ चेंडू, त्याला काय घाबरायचं? दुसऱ्या दिवशी सरांनी बॅगेतून कापलेलं ताडाचं फळ काढलं, आतले ताडगोळे खाऊन झालेलं. तीन रिकामी भोकं. मला म्हणाले, "क्रिकेटचा चेंडू आण." आणला. तो भोकावर ठेवला. कडेला टेकून वरच राहिला. मग खिशातून स्क्वॉशचा चेंडू काढला आणि अंगठ्याने दाबला. पच्चकन आत. भोकात गच्च बसला, अर्धा दिसेनासा.

"क्रिकेटचा चेंडू हाडावर थांबतो," सर म्हणाले. "हा थांबत नाही."

मी ते फळ उलटंसुलटं करून पाहिलं. चेंडू बोटाने निघेना, चमचा आणावा लागला. त्यानंतर चष्म्यावरून मी काही बोललो नाही. पटलं असंही बोललो नाही.

माझ्या डोक्यात मात्र पक्कं बसलं की ह्या माणसाने काहीतरी भयंकर बघितलेलं असणार. कुणाचा तरी डोळा गेला असेल, कदाचित ह्यांच्याच हातून. एवढी काळजी माणूस उगाच करत नाही. मी कँटीनमध्ये तसं दोघाचौघांना सांगूनही टाकलं. शेवटी एकदा सरळ विचारलं. सर हसले. "नाही रे बाबा. मला कधी लागलं नाही, मी कुणाला मारलं नाही. माझ्या खुर्चीसमोर कधी कुणाचा डोळा गेला नाही."

"मग एवढं कशाला?"

"लागल्यावरच शहाणं व्हायचं असेल तर नियम कशाला लिहिलेत? नियम म्हणजे आधी ज्यांना लागलं त्यांनी पाठवलेला निरोप. निरोप आलाय, आता मी वेगळा अपघात कशाला करून बघू?"

मला थोडं वाईटच वाटलं. गोष्ट चांगली जमली होती माझी.

सरांचा आवाज बारीक, माणूसही बारीक. पण खुर्चीवर बसले की कुणाच्या बापाला भीत नसत. क्लबात एक कारखानदार मेंबर होते, नाव लिहीत नाही, दांडगा गडी. मेंबरांच्या स्पर्धेत त्यांच्यासमोर एक बँकेतला सडपातळ माणूस होता, आणि तो जिंकत चालला होता. मध्येच तो वाटेत आला. कारखानदारांना थांबायला भरपूर वेळ होता. थांबले नाहीत. सणकन चेंडू त्याच्या पाठीत. तो कळवळून खाली बसला. शर्ट वर केला तर पाठीवर गोल लाल शिक्का उठलेला.

कारखानदार म्हणाले, "चेंडू सरळ समोरच्या भिंतीकडे चालला होता. नियमाने पॉइंट माझा."

तेव्हाचा नियम तसाच होता. सर म्हणाले, "बरोबर. पॉइंट तुमचा." गुण पुकारला गेला. कारखानदार खूश होऊन सर्व्हिसला निघाले. सर म्हणाले, "थांबा. तो झाला फटक्याचा पॉइंट. आता वर्तणुकीचा. समोर माणूस दिसत असताना मारलंत. पॉइंट त्यांचा."

"असं कसं? एका हाताने देता आणि दुसऱ्या हाताने काढता?"

"दोन्ही नियम पुस्तकात आहेत. तुम्हाला पहिला आवडला, मला दुसराही आवडतो."

वर गॅलरीत मी जोरात हसलो. माझी नोकरी जायची त्या दिवशी. पण बँकवाल्याने पाठ चोळत चोळत तो गेम घेतला, आणि कारखानदारांनी नंतर सरांना चहा पाजला. सरांशी भांडून कुणाचं समाधान होत नसे, कारण ते आवाजच चढवत नसत.

खुर्चीवरून उतरले तरी त्यांचा रेफरी उतरत नसे. त्यांच्या गावातला रस्ता म्हणजे दोन वाड्यांच्या कुंपणामधली बोळ. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. एका बाजूने केळ्यांचा टेंपो, दुसऱ्या बाजूने रिक्षा, दोघं मधोमध तोंडाला तोंड लावून उभे. दोघंही म्हणत होते, मी आधी शिरलो, तू मागे जा. मागे सायकली, फुलांची टोपली घेतलेल्या बाया, शाळेतून सुटलेली पोरं. सर सायकल कुंपणाला टेकवून पुढे गेले. दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुणी पाहिलेलं नाही. लेट. दोघंही मागे जा आणि पुन्हा सुरू करा."

रिक्षावाला म्हणाला, "दोघं कशाला मागे? एक गेला तरी पुरे."

"एक गेला तर तो हरला. हरायला तुम्ही दोघंही तयार नाही, म्हणून तर उभे आहात."

आणि गेले हो दोघं मागे! मग टेंपोवाल्यानेच हात करून रिक्षाला आधी काढलं. सर सायकलवर बसताना मला म्हणाले, "बघ. थांबल्यावर माणूस सुधारतो."

मी म्हणालो, "थांबल्यावर नाय, लाजल्यावर."

"तेही चालेल," म्हणाले.

आता कबड्डीची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या कामणला दरवर्षी थंडीत सामने भरतात. मी पंच. एका वर्षी सरांना पाहुणे म्हणून बोलावलं. खुर्ची दिली, नारळ दिला. सर पूर्ण वेळ बसले. सामने संपल्यावर सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालताना म्हणाले, "मधल्या रेषेपाशी एक टोकदार खडा वर आला होता. तुला दिसला?"

"दिसला की."

"मग काढला का नाहीस?"

मी म्हणालो, "खडा दोघांनाही सारखाच, सर. आमचा नाय, तेंचा नाय."

सर हसायला लागले. इतके हसले की सायकलचा दांडा धरून उभे राहिले, डोळे पुसले. मला राग आला. बरोबरच बोललो होतो मी. पंचाने बघायचं ते एवढंच, की एकाला जे आहे ते दुसऱ्याला आहे. खडा काय, ऊन काय, सगळं सारखं वाटलेलं. सरांनी वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून क्लबात जो भेटेल त्याला माझं हे वाक्य सांगत सुटले. सेक्रेटरी सबनीस साहेबांना तर ते फार आवडलं. काहीही झालं, कँटीनचा चहा पातळ झाला तरी साहेब म्हणायचे, "अरे, पाणी दोघांनाही सारखंच." मी मनात म्हणायचो, हसा लेको.

क्लब दरवर्षी एक मोठी स्पर्धा भरवायचा. त्यात बाहेरगावचे व्यावसायिक खेळाडू यायचे, बक्षिसावर जगणारे. आमचा एकच त्यांच्यात टिकायचा, सुहास. विरारचा. वडील मुंबईत नोकरीला, आई शिक्षिका, फ्लॅटमध्ये वाढलेला. सरांनीच तयार केलेला गडी. मला काळूमामा म्हणायचा. चोविसेक वर्षांचा असेल तेव्हा. नोकरी न धरता खेळावरच जगायचं म्हणून घरच्यांशी भांडून बसला होता. ती स्पर्धा एकदा जिंकली तर घरात मान वर करून बोलता येईल, असं मला म्हणाला होता.

ज्या स्पर्धेची ही गोष्ट, तिच्या आदल्या वर्षी प्रेक्षकांनी कुरकुर केली होती. सर फार थांबवतात, फार लेट देतात, खेळाची लय जाते. कुणी 'डरपोक रेफरी' असंही म्हणालं. म्हणून त्या वर्षी स्पर्धेआधी सबनीस साहेब सरांकडे आले. मी भिंत पुसत होतो, मला ऐकू येत होतं. साहेब माणूस वाईट नाही. वालीवला त्यांचा नटबोल्टचा कारखाना, क्लबासाठी रात्रंदिवस राबायचे. म्हणाले, "सर, लोक खेळ बघायला येतात, थांबलेला खेळ बघायला नाही. ह्या वर्षी जरा हात आखडता घ्या. कमिटीचं म्हणणं आहे, नाहीतर पुढच्या वर्षीपासून मुंबईहून दुसरे रेफरी बोलवावेत."

सर म्हणाले, "कमिटीचं म्हणणं ऐकलं."

"म्हणजे हो ना?"

"म्हणजे ऐकलं."

ती खुर्ची म्हणजे सरांचं सगळं होतं. मारियाबाय, त्यांच्या मिसेस, मला म्हणायच्या की स्पर्धेच्या आठवड्यात हा माणूस घरी मिठाची बरणीसुद्धा दोन हातांनी धरतो, हाताला काही व्हायला नको म्हणून. त्यामुळे मला वाटलं, ह्या वर्षी सर सांभाळून घेतील.

सुहास फायनलला आला. समोर दिल्लीचा एक उंच गडी, आम्ही त्याला लंबूच म्हणायचो. रविवारी दुपारी सामना, कप द्यायला मोठे पाहुणे येणार. आणि आदल्या संध्याकाळी काय झालं, पाहुणे येणार म्हणून हॉलमधल्या फर्निचरला पॉलिश करायला माणसं आणलेली. साहेबांनी त्यांना सांगितलं, कोर्टालाही एक हात मारा. सणाआधी चर्चच्या बाकांना मेण लावून चमकवतात, तसं त्यांनी अख्ख्या फ्लोअरला मेण चोळलं. सकाळी मी दार उघडलं तर तोंड दिसत होतं खाली. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. सर आले, बूट काढला, मोज्याचा पाय टाकला, आणि दुसऱ्या पावलाला हातभर घसरले. भिंत धरली म्हणून वाचले.

मग सकाळभर मी आणि ते पॉलिशवाले, गरम पाणी, सोडा आणि फडकी. सर म्हणाले, दुसऱ्या कोर्टावर खेळवू या. साहेब म्हणाले, तिथे काचेची भिंत नाही, खुर्च्या नाहीत, पाहुणे काय उभ्याने बघणार? दुपारी सरांनी पुन्हा पूर्ण कोर्ट चालून पाहिलं. मोजा कुठेच घसरला नाही. म्हणाले, "आत्ता नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. पण कोर्ट तापल्यावर बघू."

सामना असा झाला की मी कबड्डी विसरलो. दोन गेम ह्याचे, दोन त्याचे. पाचवा गेम, पंधरा गुणांचा. आत घामाचा पाऊस. मागच्या डाव्या कोपऱ्यात लंबूचा पाय थोडा सरकला. सरांनी मला फडकं घेऊन आत पाठवलं. थोड्या वेळाने सुहास एका गुडघ्यावर गेला, उठला, हसला. पुन्हा फडकं. फळ्यांच्या फटींतून पांढुरकं काहीतरी वर येत होतं. साहेब खालून सरांकडे बघत होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सुहास चौदा, लंबू तेरा. एक गुण आणि कप विरारला. शेवटची रॅली कुणीही न घसरता झाली होती, हे मी मुद्दाम लिहितो. आणि तेव्हा सर उठले, खाली उतरले, कोर्टाच्या दाराशी बसून डाव्या पायातला बूट काढला.

लोक हसायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. सर लंगडत कोपऱ्यात गेले. मोज्याचा पाय टाकला. तो सरकला, हळूच, लोण्यातून सुरी जावी तसा. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा सरकला.

"कोर्ट खेळण्याजोगं नाही," सर म्हणाले. "सामना उद्या सकाळी दुसऱ्या कोर्टावर. गुण आहेत तेच राहतील."

एकदम गलका झाला. सुहास धावत आला. "सर, एकच पॉइंट आहे! एकच! मी पडलो तर माझी जबाबदारी."

"तुझी जबाबदारी घ्यायलाच मला वर बसवलंय."

लंबू म्हणाला, "सर, खेलते हैं ना. मुझे कोई प्रॉब्लम नहीं." चांगला पोरगा होता तोही.

"दोघं तयार आहेत!" साहेब आत आले. कपाळावर घाम. पाहुणे घड्याळ बघत होते. "सर, काय चाललंय हे? आणि फ्लोअर दोघांनाही सारखाच आहे ना!"

वाक्य माझं होतं. मी फडकं हातात घेऊन तिथेच उभा होतो. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही, साहेबांकडेच बघितलं. म्हणाले, "म्हणूनच थांबवतोय. एकालाच निसरडा असता तर दुसऱ्याला पॉइंट दिला असता."

आणि खाली बसून बूट घातला. लेस नीट बांधली, दुहेरी गाठ मारली. पाहुण्यांनी भाषण केलं, कप टेबलावर ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या कोर्टावर आम्ही मोजकी माणसं होतो. सुहासचं अंग रात्रीत थंड पडलेलं. चौदा-चौदा झाले. मग लंबूने ठेवणीतला एक फटका काढला आणि संपलं. सुहासने त्याच्याशी हात मिळवला. सरांजवळून जाताना थांबला, म्हणाला, "माझा पॉइंट तुम्ही खाल्लात, सर." सर बॅग उचलून निघाले. खरं म्हणजे बोलायला होतंच काय? कुणाचा गुडघा फुटला असता, डोकं भिंतीवर आदळलं असतं, तर सगळे म्हणाले असते, सर म्हणत होते ते खरं. काही झालंच नाही. जे झालं नाही ते दाखवणार कसं?

मी सायकलपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. विचारलं, "सर, खरं सांगा. कोनाला लागलं असतं अशी तुमची खात्री होती?"

"नाही."

"मग?"

"खात्री असली तर शेंबडं पोरही थांबवेल, काळूराम."

पुढच्या वर्षी मुंबईहून रेफरी आले. सरांना पत्रिका आली, पहिल्या रांगेची. आले, बसले, टाळ्या वाजवल्या. कुणाला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. पण सामना सुरू व्हायच्या आधी, सगळे चहाला गेले असताना, मी त्यांना कोर्टाच्या दारात बूट काढताना पकडलं. "आता कशाला, सर?" म्हटलं. "सवय," म्हणाले. चारही कोपरे फिरून आले आणि पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्या वर्षी आणि नंतरही, त्यांना खुर्चीवर कुणी बोलावलं नाही.

सुहास दोन-अडीच वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. एव्हाना तो क्लबातच शिकवू लागला होता. मग सरांच्या गावच्या सणाला मी जेवायला गेलो असताना अचानक दारात उभा. मिठाईचा पुडा हातात, मान खाली. मला वाटलं आता रडारड होणार. सरांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं.

"गुडघे कसे आहेत?"

"चांगले आहेत, सर."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मारिया, ह्याला वाढ," सर म्हणाले. झालं. मटण आणि सांदणं खाताना दोघं पूर्ण वेळ रॅकेटच्या तारांबद्दल बोलत होते. मला कंटाळा आला.

आता शेवटचं. सर थकले होते. सायकल सुटली होती, हातात काठी आली होती. आमच्या सामन्यांचं बोलावणं मी दरवर्षी द्यायचोच, त्या वर्षीही दिलं. सामने संध्याकाळचे. मी सकाळी म्हशीला गवत घेऊन मैदानाच्या कडेने येत होतो, तर मैदानात कुणीतरी वाकलेलं दिसलं. वाटलं कुणाचं काही हरवलं असेल. जवळ आलो तर सर. पहिल्या एस.टी.ने आले असणार. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पांढरा रुमाल. मधल्या रेषेच्या आसपास वाकून खडे वेचत होते. एक उचलायचा, रुमालात टाकायचा, काठीवर भार देऊन सरळ व्हायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा वाकायचं. डावा बूट कडेला काढून ठेवला होता.

मी हाक मारली नाही. गवताचा भारा डोक्यावर तसाच धरून वडाच्या आड उभा राहिलो. त्यांनी पूर्ण मैदान संपवलं. बांधावर जाऊन रुमाल झटकला, घडी करून खिशात ठेवला, बसून बूट घातला, आणि हॉटेलात चहा प्यायला गेले.

संध्याकाळी पाहुण्यांच्या खुर्चीवर नारळ मांडीवर घेऊन बसले होते. मी पंच होतो. पुढच्या वर्षीच्या सामन्यांच्या आधीच सर गेले.

माझं मत आजही तेच आहे. खडा दोघांनाही सारखाच. त्या संध्याकाळी सगळे सामने झाले आणि कुणाला काही लागलं नाही. पण तसं बघायला गेलं तर आदल्या वर्षीही कुणाला काही लागलं नव्हतं.